घरगुती जलतापक

घरगुती जलतापक (प्रचलित नाव गिझर) हे स्नान, भांडी धुणे व इतर घरगुती कामांसाठी पाणी तापविणारे उपकरण आहे. वीज, द्रवीभूत पेट्रोलियम वायू किंवा सूर्याची उष्णता यांवर ते चालते. साठवण पद्धतीच्या जलतापकाचे आयुष्य सर्वसाधारण वापरात आठ ते बारा वर्षे मानले जाते. परंतु क्षारयुक्त पाण्याच्या प्रदेशात ते बरेच कमी भरते. मराठवाड्यातील जालना शहर, विशेषतः कुंडलिका नदीमुळे जुन्या शहरापासून वेगळा झालेला नवीन जालना हा भाग, अशा प्रदेशात मोडतो. जुना जलतापक काढून नवा बसविणे ही केवळ वस्तूची अदलाबदल नसते. पाण्याचा प्रकार, गच्चीवरील टाकीची उंची, घरातील वीजजोडणी आणि न्हाणीघरातील हवा यांचा विचार त्यात करावा लागतो.

## नाव

'गिझर' हा शब्द आइसलँडमधील 'गेयसिर' या उष्णोदकाच्या कारंज्याच्या नावावरून आला आहे. लंडन येथील बेंजामिन वॉडी मॉघन याने १८६८ मध्ये वायूवर चालणारा जलतापक तयार केला व त्याला हे नाव दिले. त्याच्या उपकरणाला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती, त्यामुळे ते धोकादायक होते. नॉर्वेत जन्मलेला अभियंता एडविन रूड याने अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे १८८९ च्या सुमारास स्वयंचलित साठवण जलतापक विकसित केला. मराठीत 'गिझर' हाच शब्द सर्वत्र रूढ असून 'जलतापक' हा शब्द मुख्यतः लेखनात आढळतो.

## पूर्वपीठिका

### चूल, हंडा आणि बंब

महाराष्ट्रात स्नानाचे पाणी पूर्वी चुलीवर हंड्यात किंवा पातेल्यात तापवीत. तापलेले पाणी घंगाळात काढून त्यात गार पाण्याचे विसण घालण्याची पद्धत होती. पुढे अनेक घरांत तांब्याचा किंवा पितळेचा बंब आला. बंबाच्या मधोमध उभी नळी असते. तळाशी जाळी व राखेसाठी जागा असते. नळीत पेटविलेल्या जळणाची उष्णता तिच्या भोवतालच्या पाण्याला मिळते, धूर वरून निघून जातो आणि तापलेले पाणी खालच्या अंगाच्या तोटीतून घेतात. लाकूड, कोळसा, गोवऱ्या, कणसांची बुरकुंडे यांबरोबरच मराठवाड्यात कापसाच्या पऱ्हाट्या व तुरीच्या तुराट्या हे सहज मिळणारे जळण होते. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी आदल्या दिवशी बंब घासूनपुसून भरून ठेवण्याची रीत अनेक घरांत होती. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ही तांब्याच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे.

तत्त्वतः बंब हा साठवण जलतापकच होय. त्याची टाकी वरून उघडता येत असल्यामुळे आत जमलेला क्षारांचा थर खरवडून काढता येई आणि झिजलेल्या बुडाला कल्हईवाला किंवा तांबट डाग देई. आजच्या बंद टाकीच्या जलतापकात ही सोय राहिलेली नाही. टाकी फुटली की उपकरण बदलणे हाच बहुधा एकमेव उपाय उरतो.

### विद्युत तापकांचा प्रसार

घरोघरी वीज पोहोचल्यावर बादलीत सोडायचा हिटर, म्हणजे 'रॉड', हे सर्वांत स्वस्त साधन म्हणून पसरले. त्यानंतर साठवण व तत्काळ पद्धतीचे गिझर आले. रॉड चालू असताना पाण्यात हात घालणे किंवा तो धातूच्या बादलीत वापरणे प्राणघातक ठरू शकते.

## प्रकार

* साठवण विद्युत जलतापक : सहा लिटरपासून पुढे विविध क्षमतांत मिळतो. घरगुती वापरात १५ व २५ लिटरचे नमुने अधिक आढळतात. तापक कांडी बहुधा २ किलोवॉटची असते.
* तत्काळ विद्युत जलतापक : एक ते तीन लिटरची लहान टाकी व ३ किलोवॉटच्या आसपासची कांडी असते. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढवायचे असल्यास ३ किलोवॉटमध्ये मिनिटाला सुमारे १.७ लिटरच पाणी मिळते. त्यामुळे तो भांडी धुण्यास किंवा एका व्यक्तीच्या स्नानास पुरतो.
* वायू जलतापक : सिलिंडरमधील वायू जाळून वाहते पाणी तापवितो. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापविण्यास सुमारे साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. वायूच्या ज्योतीला ती सहज देता येते. मात्र यासाठी न्हाणीघरात मोकळी हवा अत्यावश्यक असते.
* सौर जलतापक : गच्चीवरील सपाट संग्राहक किंवा निर्वात काचनळ्या सूर्याची उष्णता घेतात. पावसाळी व ढगाळ दिवसांसाठी पूरक विद्युत कांडी ठेवावी लागते.

## रचना व कार्य

साठवण जलतापकात आतील टाकी, तिच्याभोवती उष्णतारोधक फोम आणि बाहेरचे कवच असे तीन थर असतात. आतील टाकी तांब्याची, अगंज पोलादाची किंवा काचेसारख्या लेपाने मढविलेल्या सौम्य पोलादाची असते. गार पाणी तळाशी येते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व वरपर्यंत गेलेल्या नळीतून बाहेर पडते. त्यामुळेच गार पाण्याचा प्रवाह थांबला की गरम पाण्याचा नळही थांबतो.

टाकीत मॅग्नेशियमची कांडी बसविलेली असते. मॅग्नेशियम हा लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील धातू असल्याने पाण्यातील गंजण्याची क्रिया प्रथम त्याच्यावर होते व टाकी वाचते. ही कांडी पूर्ण झिजल्यावर टाकी गंजू लागते. म्हणून दर एक-दोन वर्षांनी ती तपासून बदलल्यास जलतापकाचे आयुष्य वाढते. प्रत्यक्षात मात्र अनेक घरांत ही कांडी एकदाही बदलली जात नाही.

### सुरक्षेची साधने

ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तो बिघडल्यास काम करणारा औष्णिक खंडक आणि दाब वाढल्यास पाणी बाहेर सोडणारी झडप ही तीन मुख्य साधने होत. पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविले असता त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते; २५ लिटरच्या टाकीत ही वाढ सुमारे ३८० मिलिलिटर असते. गार पाण्याच्या नळीवर एकदिश झडप असल्यास हे जादा पाणी दाबझडपेतून ठिबकते. पाणी तापत असताना होणारे असे ठिबकणे हा दोष नव्हे. ते थांबविण्यासाठी झडपेचे तोंड बुजविल्यास टाकी फुटण्याचा धोका निर्माण होतो.

### लागणारी वीज

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. त्यानुसार २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे १.१६ युनिट वीज लागते व २ किलोवॉटच्या कांडीला साधारण ३५ मिनिटे लागतात. ६० अंशांच्या पाण्यात २० अंशांचे पाणी समभाग मिसळल्यास ४० अंशांचे पाणी मिळते. म्हणजे २५ लिटरच्या टाकीतून हिशेबाने सुमारे ५० लिटर स्नानयोग्य पाणी मिळते. वापर चालू असताना आत गार पाणी शिरत असल्याने प्रत्यक्षात ते काहीसे कमी भरते.

## दुष्फेन पाण्याचा परिणाम

पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे त्यात साबणाचा फेस होत नाही. अशा पाण्यास दुष्फेन आणि बोलीत जड किंवा क्षाराचे पाणी म्हणतात. त्यात डाळही लवकर शिजत नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० : २०१२ या पेयजल मानकात एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. पिण्यास चालणारे पाणी जलतापकास मानवेलच असे नाही, हे या आकड्यांवरून लक्षात येते.

पाणी तापविले असता त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. ते सर्वांत उष्ण पृष्ठभागावर, म्हणजे तापक कांडीवर, पांढऱ्या कवचाच्या रूपाने साचते. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्याने तीन गोष्टी घडतात : पाणी तापण्यास अधिक वेळ लागतो, कांडीचे स्वतःचे तापमान वाढून ती जळते आणि थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन खदखदण्याचा आवाज येतो. थराचे सुटलेले तुकडे तळाशी जमून टाकीची उपयुक्त क्षमताही घटवितात. निर्वात काचनळ्यांच्या सौर जलतापकातही असाच साठा होतो.

तापमान जितके अधिक तितका थर जलद साचतो. म्हणून दुष्फेन पाण्यासाठी थर्मोस्टॅट सर्वोच्च बिंदूवर ठेवणे हानिकारक असते. दुसरीकडे, कोमट पाणी दीर्घकाळ साठून राहिल्यास त्यात लेजिओनेला जातीचे जीवाणू वाढू शकतात. या दोन्ही बाजू लक्षात घेता साठवणुकीसाठी ६० अंशांच्या आसपासचे तापमान योग्य समजले जाते. मात्र ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत त्वचा भाजते. लहान मुले व वृद्धांसाठी ते विसण घालूनच वापरावे लागते.

## नवीन जालना येथील परिस्थिती

जालना हे १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या जालना जिल्ह्याचे मुख्यालय आहे. २०२३ मध्ये नगरपरिषदेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. कुंडलिका नदी शहराच्या मधून वाहते. तिच्या एका तीरावर जुना जालना व दुसऱ्या तीरावर नवीन जालना वसला आहे. कादराबाद ही नवीन जालन्यातील जुनी वस्ती होय.

शहराच्या पाण्याचा जुना स्रोत म्हणजे निजाम राजवटीत बांधलेला घाणेवाडी जलाशय. तो संत गाडगेबाबा जलाशय या नावानेही ओळखला जातो. पुढे गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पातून नळाने पाणी आणण्यात आले. २०१२-१३ च्या दुष्काळाची तीव्र झळ जालन्याला बसली. त्या काळात घाणेवाडीतील गाळ काढण्याचे काम लोकसहभागातून झाले.

नळाचे पाणी रोज येत नसल्याने ते जमिनीखालील हौदात साठवून पंपाने गच्चीवरील टाकीत चढविण्याची पद्धत घरोघरी आहे. नळाचे पाणी अपुरे पडल्यास विंधन विहिरीचे किंवा टँकरचे पाणी वापरले जाते. जलाशयातील पाणी तुलनेने सुफेन असते. याउलट दख्खनच्या बेसाल्ट खडकातील भेगांतून मिळणारे भूजल सामान्यतः दुष्फेन असते. त्यामुळे एकाच घरातील जलतापकाला वर्षभरात निरनिराळ्या प्रकारचे पाणी मिळते. जलतापक निवडताना नळाच्या नव्हे, तर घरात येणाऱ्या सर्वांत जड पाण्याचा विचार करणे आवश्यक ठरते.

हवामानाचाही वापरावर परिणाम होतो. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंशांपलीकडे जाते व गच्चीवरील टाकीतले पाणी आपोआप तापते. जलतापकाची खरी गरज मुख्यतः हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत भासते. उरलेल्या काळात उपकरण बंद राहिले, तरी टाकीत पाणी असल्याने गंज चालूच राहतो. यामुळे बरेचसे बिघाड हिवाळ्याच्या आरंभी, उपकरण प्रथम चालू करताना उघडकीस येतात.

## दुरुस्ती की बदल

| लक्षण | संभाव्य कारण | उपाय |
|---|---|---|
| पाणी तापत नाही | कांडी जळणे, थर्मोस्टॅट बिघडणे | सुटा भाग बदलणे |
| पाणी उशिरा तापते, खदखद ऐकू येते | क्षारांचा थर | कांडी व टाकी साफ करणे |
| पाणी अतिशय तापते, वाफ येते | थर्मोस्टॅट व खंडक निकामी | वापर त्वरित बंद करणे. दोन्ही बदलणे |
| गरम पाणी तांबूस येते | टाकीचा आतून गंज | मॅग्नेशियमची कांडी तपासणे. बहुधा जलतापक बदलणे |
| कवचातून पाणी झिरपते | टाकीला छिद्र | जलतापक बदलणे |
| नळाला किंवा पाण्याला झिणझिण्या येतात | कांडीचे कवच फुटणे, अर्थिंग सदोष | मुख्य स्विच बंद करणे. जोडणीची तपासणी |

कांडी, थर्मोस्टॅट, दाबझडप व मॅग्नेशियमची कांडी हे भाग सुटे मिळतात व तुलनेने स्वस्त असतात. टाकीला छिद्र पडल्यानंतर मात्र लेप दिलेल्या टाकीस डाग देणे टिकाऊ ठरत नाही. जुन्या तांब्याच्या टाक्यांना डाग देता येतो. पण पातळ झालेला पत्रा पुढे दुसऱ्या जागी गळू लागतो. झिणझिण्या येण्याचा दोष किरकोळ समजून वापर चालू ठेवणे जीवघेणे ठरू शकते.

## नव्या जलतापकाची निवड

विद्युत जलतापकांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. साठवण जलतापकांसाठी आयएस २०८२ हे मानक लागू आहे. ऊर्जा संरक्षण अधिनियम, २००१ खाली स्थापन झालेल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारांकनही साठवण विद्युत जलतापकांना सक्तीचे आहे. हे तारांकन पाणी किती लवकर तापते हे दर्शवीत नाही. तापलेले पाणी २४ तास ठेवल्यास किती ऊर्जा वाया जाते, यावर ते आधारलेले असते. वापराच्या वेळीच चालू करून लगेच बंद होणाऱ्या जलतापकात जास्त तारांचा लाभ कमी, तर दिवसभर चालू राहणाऱ्यात अधिक मिळतो. तारांचे निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुन्या व नव्या पंचतारांकित उपकरणांची कार्यक्षमता सारखी नसते.

दाब : टाकीची उंची एक मीटर वाढली की दाब सुमारे ०.१ बारने वाढतो. नवीन जालन्यातील एकमजली किंवा दुमजली घरांत जलतापकावर येणारा दाब बहुधा अर्ध्या बारच्या आसपास असतो. उंच इमारतींसाठी असलेले ८ बार क्षमतेचे जलतापक तेथे चालतात, पण त्यांची अनिवार्यता नसते. दाबवर्धक पंप बसविलेला असल्यास मात्र अधिक क्षमता लागते. वायू जलतापकाला ज्योत पेटण्यासाठी किमान दाब लागतो. गच्चीवरील टाकी न्हाणीघराच्या अगदी जवळच्या उंचीवर असल्यास तो पेटतच नाही.

पाणी : दुष्फेन पाण्यासाठी काचलेपित टाकी, जाड मॅग्नेशियम कांडी आणि सहज उघडता येणारी झाकणपट्टी असलेला नमुना उपयुक्त ठरतो. आयनविनिमय पद्धतीचे पाणी मऊ करणारे यंत्र बसविल्यास थर जमत नाही. मात्र त्यातील रेझीनचे वेळोवेळी मिठाच्या पाण्याने पुनरुज्जीवन करावे लागते.

वीज : २ किलोवॉटचा जलतापक २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर, तर ३ किलोवॉटचा सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. दोहोंसाठी १६ अँपिअरचे सॉकेट, तांब्याची पुरेशा जाडीची स्वतंत्र वायर व मंडळखंडक लागतो. जुन्या घरांत दिव्यांसाठी टाकलेल्या बारीक वायरीवरच गिझर जोडलेला आढळतो. अशा ठिकाणी जलतापकाबरोबर वायरही बदलावी लागते. ३० मिलिअँपिअरचा गळतीखंडक व चालू स्थितीतील अर्थिंग हे विजेच्या धक्क्यापासूनचे मुख्य संरक्षण होय.

## बदलण्याची प्रक्रिया

वीजजोडणीचे काम परवानाधारक वीजतंत्र्याकडून करून घेणे आवश्यक असते. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो :

१. मंडळखंडक बंद करून प्लग काढणे व वीजपुरवठा तुटल्याची चाचणीदर्शकाने खात्री करणे.
२. पाणी निवू देणे; गार पाण्याचा कॉक बंद करणे.
३. गरम पाण्याचा नळ उघडून दाब घालविणे, नंतर गार पाण्याची जोडनळी सोडून टाकी रिकामी करणे. हवा आत शिरण्यासाठी नळ उघडाच ठेवावा लागतो.
४. दोघांनी मिळून जुने उपकरण उतरविणे. क्षार साचलेली टाकी रिकामी असूनही जड लागते.
५. भिंत तपासणे. भरलेल्या २५ लिटरच्या जलतापकाचे वजन ३५ किलोग्रॅमच्या आसपास किंवा अधिक असते. जुन्या सैल खुंट्यांवर नवा जलतापक टांगणे धोक्याचे असते. भक्कम भिंतीत नवे छिद्र पाडून विस्तारी बोल्ट बसवितात; भुसभुशीत विटांच्या किंवा मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत ते पक्के धरत नाहीत.
६. निळ्या खुणेच्या बाजूस गार व तांबड्या खुणेच्या बाजूस गरम पाण्याची नळी जोडणे. दाबझडप गार बाजूस, तिच्यावरील बाणाच्या दिशेने बसवितात. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी नळी वापरतात. साधी पीव्हीसी नळी उष्णतेने वाकते.
७. टाकी पूर्ण भरणे. गरम नळातून हवेच्या फुसफुशीशिवाय अखंड धार आल्यावरच वीज चालू करणे. रिकाम्या टाकीत कांडी काही क्षणांत जळू शकते.
८. गळतीखंडकाची कळ दाबून चाचणी घेणे व पहिल्या तापवणीनंतर सर्व सांधे पुन्हा तपासणे.

गंजलेल्या जस्तलेपित लोखंडी नळ्या जोर लावताच भिंतीत तुटतात. त्यामुळे जुन्या घरात या कामाबरोबर नळ्यांचे काम निघण्याची शक्यता असते.

## वायू जलतापक व कार्बन मोनॉक्साइड

विजेचे बिल वाचविण्यासाठी विद्युत जलतापकाच्या जागी वायू जलतापक बसविला जातो. बंद न्हाणीघरात वायू जळताना प्राणवायू घटतो व अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक सहजतेने संयोग पावतो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर व शुद्ध हरपणे ही लक्षणे इतक्या जलद येतात, की दार उघडण्याचीही शक्ती उरत नाही. महाराष्ट्रातील अनेक शहरांत असे मृत्यू झाले आहेत. भारतीय वैद्यकीय साहित्यात या विकारास 'गॅस गिझर सिंड्रोम' असे नाव आहे.

जुना विद्युत गिझर ज्या जागी होता तेथेच वायू जलतापक टांगणे ही घातक चूक होय, कारण विद्युत गिझर बंद खोलीतही हवा दूषित करीत नाही. वायू जलतापक व सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर हवेशीर जागी ठेवून फक्त गरम पाण्याची नळी आत नेणे ही सुरक्षित पद्धत आहे. थंडीच्या दिवसांत वारा येऊ नये म्हणून झरोका बंद केल्याने धोका वाढतो. कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दारे-खिडक्या उघडून व वायू बंद करून व्यक्तीला मोकळ्या हवेत आणणे आणि तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

## जुन्या जलतापकाची विल्हेवाट

उतरविलेल्या जलतापकात पोलाद, तांबे, पितळ, प्लास्टिक व फोम असतो. तांब्याच्या टाकीला भंगारात चांगला भाव मिळतो. लेप दिलेल्या पोलादी टाकीला कमी मिळतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलाद कारखाने लोखंडी भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या तयार करतात, त्यामुळे येथे पोलादी भंगाराला कायम मागणी असते. वायरी व फोम उघड्यावर जाळून धातू वेगळा करण्याने विषारी धूर होतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू असून त्यांत विद्युत उपकरणांच्या उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे. टाकीला छिद्र नसलेला, परंतु थर्मोस्टॅट किंवा खंडक निकामी असलेला जलतापक दुरुस्त न करता दुसऱ्या घरी वापरण्यास दिल्यास धोका केवळ स्थलांतरित होतो.

## हेही पाहा

* बंब
* दुष्फेन पाणी
* सौर जलतापक
* घाणेवाडी जलाशय
* जालना